लोह घातलेलं टँटलम डायसल्फाइड: चुंबकत्व मोजण्याआधी आणि मोजताना

गोव्यातल्या ताळगावच्या पठारावर प्रोजेक्टला येणाऱ्या मुलांना मी पहिल्याच दिवशी सांगते, मॅग्नेटोमीटरकडे (चुंबकत्व मोजणाऱ्या यंत्राकडे) धावू नका, आधी लोहाचं प्रमाण तपासा. टँटलम डायसल्फाइड हे टँटलम आणि गंधकाचं थराथरांचं संयुग; त्याच्या थरांमधल्या फटीत दर चार टँटलममागे एक लोह-आयन बसला, तर पदार्थ सुमारे 160 केल्व्हिनखाली फेरोमॅग्नेटिक, म्हणजे लोहचुंबकासारखा स्वतःहून चुंबकित होतो. तीनमागे एक बसला, की हेच तापमान 35 केल्व्हिनच्या आसपास येतं. एवढ्याशा फरकाने एवढी उलथापालथ होते, म्हणून तर हा पदार्थ मला इतका आवडतो!

क्रिस्टल वाढवताना पदार्थाची पूड आणि, वाफेतून तो वाहून नेण्यासाठी, थोडं आयोडीन क्वार्ट्झ ट्यूबमध्ये घालून, हवा काढून सील करतात. पावसाळ्यात रिकामी ट्यूब आधी तापवून कोरडी करा. मोकळं गंधक असेल तर फर्नेस सावकाश चढवा. गंधक 445 अंश सेल्सिअसला उकळतं आणि वाफ कोंडली की ट्यूब फुटते.

तोलून घातलेलं सगळं लोह क्रिस्टलमध्ये शिरतंच असं नाही. एकाच ट्यूबमधले दोन क्रिस्टलही सारखे नसतात. म्हणून जो मोजणार त्याचंच ईडीएक्स (क्ष-किरणांवरून मूलद्रव्यांचं प्रमाण सांगणारी चाचणी) करा, तेही तीन-चार जागी.

सॅम्पल स्टीलच्या चिमट्याने धरू नका, प्लास्टिकचा घ्या. आपल्याकडची तांबडी धूळ तर लोहाच्या ऑक्साइडनेच भरलेली असते, आणि क्रिस्टल असतो मिलिग्रॅमभर. खोलीच्या तापमानालाच थोड्या चुंबकीय क्षेत्रात संपृक्त होणारा, म्हणजे पुढे न वाढणारा सिग्नल दिसला, तर तो बाहेरून आलेल्या लोहाचा समजा.

चकतीसारखा तो षट्कोनी क्रिस्टल दोन्ही दिशांनी मोजायचाच. लोहाचे स्पिन, म्हणजे अणूंचे इवलेसे चुंबक, थरांना लंब, म्हणजे सी-अक्षावर उभे राहतात. आडवं क्षेत्र लावून प्रतिसाद क्षीण आला म्हणून सॅम्पल फेकू नका. नायोबियम डायसल्फाइडमध्ये क्रोमियम घातलं तर उलट: तिथे स्पिन थरांच्या प्रतलात पडून, सी-अक्षाच्या दिशेने सुमारे 48 नॅनोमीटरला एक वेढा घेतात.

शेवटी शून्य क्षेत्रात थंड करून, मग तापवत घेतलेला चुंबकत्वाचा वक्र. तो ऋण बाजूने सुरू झाला, तर नवा शोध लागला असं लगेच मानू नका. सुपरकंडक्टिंग मॅग्नेटमध्ये उरलेलं थोडं उलटं क्षेत्रही डोमेन (एकाच दिशेच्या स्पिनचे पट्टे) उलटे गोठवतं, आणि हा पदार्थ चुंबकीयदृष्ट्या इतका कडक, की ते सहज वळत नाहीत. 200 केल्व्हिनच्या वर न्या, क्षेत्र मागेपुढे करत शून्यावर आणा, मग पुन्हा थंड करा.