घर किती महिने चालेल? पैशाकडे पाहण्याची दृष्टी बदलण्याचा एक मार्ग

आपल्याकडे एखाद्याची आर्थिक स्थिती जाणून घ्यायची झाली की पहिला प्रश्न पगाराचा असतो. लग्न जुळवताना, घर भाड्याने देताना, बँकेत कर्ज मागताना तोच आकडा पुढे येतो आणि कालांतराने आपणही स्वतःला त्याच आकड्याने मोजू लागतो. मात्र महिन्याला ८० हजार मिळवणारे कुटुंब एक पगार चुकताच हातउसने मागू लागते आणि ४० हजार मिळवणारे कुटुंब वर्षभर नोकरी नसतानाही मुलांची शाळा न बदलता तग धरते, हे अनेकांनी पाहिलेले असेल. म्हणूनच आर्थिक स्वातंत्र्याकडे जायचे असेल, तर प्रथम मोजण्याचे माप बदलावे, असे माझे मत आहे. उद्यापासून घरात एकही रुपया आला नाही, तर आजचे घर आजच्याच पद्धतीने किती महिने चालेल? हा महिन्यांचा आकडा म्हणजे आपली खरी आर्थिक ताकद, आणि पुढील सर्व पायऱ्या हा आकडा काढण्यासाठी व वाढवण्यासाठी आहेत.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. ज्या घरात दोन्ही वेळचा किराणा आणि औषधपाणी यांतच उत्पन्न संपते, त्या घराला मानसिकता बदलण्याचा उपदेश करणे अन्यायाचे आहे. तिथे प्रश्न उत्पन्नाचा असतो. हा लेख, चार पैसे हाती येतात पण ते टिकत नाहीत, अशा घरांसाठी आहे.

पहिली पायरी : खरा मासिक खर्च शोधणे

महिन्याचा खर्च विचारला की बहुतेक जण भाडे, किराणा, दूध, वीज, पेट्रोल आणि मोबाइल यांची बेरीज सांगतात. ही बेरीज जवळजवळ नेहमी अपुरी असते, कारण वर्षातून एकदाच येणारे खर्च तिच्यात धरलेले नसतात. समजा, पुण्यात भाड्याने राहणाऱ्या चौघांच्या कुटुंबाचा असा नेहमीचा खर्च ३७ हजार रुपये आहे. आता वर्षाचे खर्च पाहू : शाळेची फी आणि वह्यापुस्तके ३० हजार, आरोग्य विम्याचा हप्ता २२ हजार, गणपती आणि दिवाळी मिळून १८ हजार, गावी जाणे-येणे व नात्यातल्या लग्नांचे आहेर १६ हजार, गाडीचा विमा आणि दुरुस्ती १० हजार. ही बेरीज ९६ हजार होते, म्हणजे महिन्याला ८ हजार. या कुटुंबाचा खरा मासिक खर्च ३७ हजार नसून ४५ हजार आहे.

दिवाळी दरवर्षी येते आणि जूनमध्ये शाळा दरवर्षी सुरू होते, तरीही हे खर्च आपण "अचानक आले" म्हणून सांगतो आणि त्यासाठी ठेव मोडतो किंवा कार्ड वापरतो. म्हणून सलग तीन महिने प्रत्येक खर्च लिहावा आणि मागील वर्षाच्या बँक खात्याच्या उताऱ्यावरून वार्षिक खर्चांची वेगळी यादी करावी. यासाठी एखादे ॲप वापरावे किंवा साधी वही घ्यावी. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर दुधाचे खाडे लिहिणारी आपली घरे आहेत. तीच शिस्त इतर खर्चांना लावायची आहे. या तीन महिन्यांत खर्च कमी करण्याचा प्रयत्न मुद्दाम करू नये, कारण त्यामुळे खोटा आकडा हाती येतो.

दुसरी पायरी : महिने मोजणे

आता हाताशी असलेली रक्कम मोजावी. बचत खाते, मुदत ठेवी आणि लगेच विकता येतील असे म्युच्युअल फंड यात धरावेत. राहते घर धरू नये, कारण ते विकून किराणा आणता येत नाही. भविष्य निर्वाह निधीची वेगळी नोंद ठेवावी. दागिने धरायचेच असतील, तर घडणावळ आणि खरेदीवरील कर वजा करून केवळ सोने मोडीत दिल्यास जे मिळेल तेवढेच धरावेत.

वरील कुटुंबाकडे १ लाख ८० हजार रुपये आहेत असे मानले, तर ४५ हजाराने भागून उत्तर येते ४ महिने. घरात कमावते माणूस एकच असेल, तर हा आकडा पाहून पोटात गोळा येणे स्वाभाविक आहे.

या मापाचा खरा उपयोग मात्र पुढे दिसतो. कुटुंबाचे उत्पन्न ५० हजार असेल, तर महिन्याला ५ हजार शिल्लक राहतात. म्हणजे एका महिन्याची निश्चिंती मिळवण्यासाठी ९ महिने काम करावे लागते. पगार वाढून ६५ हजार झाला आणि त्यासोबत मोठे घर, नवी गाडी असे करत खर्चही ६० हजारांवर गेला, तर शिल्लक तीच ५ हजार राहते, परंतु आता एक महिना कमावण्यास १२ महिने लागतात आणि आधीच्या ४ महिन्यांचे ३ होतात. पगार वाढला आणि माणूस अधिक परावलंबी झाला! याउलट पगार तोच राहून खर्च ४० हजारांवर आला, तर शिल्लक दुप्पट होते, जुनी पुंजी साडेचार महिन्यांची ठरते आणि दर ४ महिन्यांनी एक महिना जमा होतो. खर्चातून वाचलेला रुपया असा दोन्हीकडून काम करतो. ही गोष्ट एकदा आकड्यांत पाहिली की काटकसरीचा अर्थच बदलतो. ती मन मारणे वाटत नाही.

तिसरी पायरी : क्रम उलटा करणे

"महिनाअखेर उरले तर बाजूला टाकू" हे वाक्य आपल्या घराघरांत ऐकू येते आणि महिनाअखेर काहीही उरत नाही. ग्रामीण महाराष्ट्रातील बचत गटांनी हा प्रश्न फार पूर्वी सोडवला आहे. त्यांच्या पंचसूत्रीत नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्जवाटप, नियमित परतफेड आणि नियमित लेखे या पाच गोष्टी येतात. आधी प्रत्येकीची बचत जमा होते आणि त्यातूनच पुढे कर्ज दिले जाते. तुटपुंज्या उत्पन्नाच्या स्त्रियांनी जे करून दाखवले, ते पगारदाराला अशक्य नाही.

पगार जमा होण्याच्या दुसऱ्याच दिवशी ठरलेली रक्कम दुसऱ्या खात्यात आपोआप वळती होईल, अशी कायम सूचना बँकेला द्यावी. या दुसऱ्या खात्याचे कार्ड खिशात ठेवू नये आणि ते मोबाइलवरील देयक ॲपलाही जोडू नये. वार्षिक खर्चांचे ८ हजारही याच पद्धतीने आवर्ती ठेवीत टाकावेत. पगारवाढ झाली की पहिल्याच महिन्यापासून वाढीचा निम्मा भाग इकडे वळवावा, कारण दोन महिने गेले की ती वाढ खर्चात मुरते आणि मग ती परत काढता येत नाही.

चौथी पायरी : कर्ज म्हणजे आधीच खर्च झालेले महिने

कर्जाचा विचार करताना आपण बहुधा एकच गोष्ट पाहतो : हप्ता झेपतो का? त्याऐवजी एकूण किती परत द्यायचे, हे पाहावे. ३० लाखांचे गृहकर्ज ९ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे २७ हजार रुपये येतो आणि अखेरपर्यंत जवळपास ६५ लाख रुपये भरावे लागतात. याच कर्जात दरवर्षी एक जादा हप्ता भरला, तर ते साधारण साडेतीन वर्षे आधी फिटते. दिवाळीच्या बोनसचा याहून चांगला उपयोग क्वचितच सापडेल. हप्ता मुदलात जमा करून मुदत कमी करावी, अशी लेखी विनंती मात्र बँकेला करावी.

क्रेडिट कार्डाची थकबाकी ही सर्वांत घातक. महिन्याला साडेतीन टक्के हा दर ऐकायला किरकोळ वाटतो, पण तो वर्षाला ४२ टक्के होतो, तोही चक्रवाढ न धरता. "किमान रक्कम" भरत राहणे म्हणजे कर्ज फेडणे नव्हे. ज्या कर्जाचा दर सर्वांत जास्त, ते आधी फेडावे. त्यासाठी कमी व्याजाची ठेव मोडावी लागली तरी ती मोडावी. ठेव मोडणे अशुभ असल्यासारखे आपण वागतो, परंतु ७ टक्क्यांची ठेव जपून ४२ टक्क्यांचे कर्ज सांभाळण्यात कोणतेही शहाणपण नाही.

पाचवी पायरी : पहिले ६ महिने आणि त्यांचे रक्षण

कर्जाची आग विझली की ६ महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम जमवावी आणि ती केवळ सुरक्षित ठिकाणी ठेवावी. येथे परताव्याचा मोह नको. बँकेतील ठेवींना प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंत विमा संरक्षण आहे. फेब्रुवारी २०२० पूर्वी ही मर्यादा १ लाख होती. सहकारी बँकांनाही हे संरक्षण लागू होते, पण पतसंस्थांना होत नाही. गल्लीतल्या पतपेढीत एक-दीड टक्का व्याज जास्त मिळते म्हणून निवृत्तीची सगळी रक्कम तिथे ठेवणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यावा.

एक मोठे आजारपण वर्षांची बचत नेऊ शकते, म्हणून आरोग्य विमा हवा. घरातील कमावत्या व्यक्तीवर इतर अवलंबून असतील, तर केवळ मृत्यूनंतर रक्कम देणारा साधा मुदत विमा घ्यावा. विमा आणि बचत एकत्र करणाऱ्या पारंपरिक पॉलिसींत संरक्षण फार थोडे मिळते आणि परतावा साधारणपणे ५ ते ६ टक्क्यांच्या आसपास राहतो. व्यवसाय करणाऱ्या विवाहित पुरुषांसाठी एक उपयुक्त तरतूद आहे, जी विमा घेताना क्वचितच सांगितली जाते : १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली पत्नी व मुलांच्या नावे पॉलिसी घेतली, तर ती रक्कम त्यांच्यासाठी राखीव राहते आणि सर्वसाधारणपणे सावकारांना तिच्यावर हक्क सांगता येत नाही. पॉलिसी घेतानाच तसा अर्ज भरावा लागतो.

सहावी पायरी : महागाईपेक्षा पुढे राहणे

महागाई वर्षाला ६ टक्के धरली, तर आजचा ४५ हजारांचा खर्च १२ वर्षांत ९० हजार होतो. म्हणजे काही न करता आपले महिने निम्मे होतात. त्यामुळे दीर्घ मुदतीचे पैसे वाढत्या ठिकाणी असणे अपरिहार्य आहे. १९६८ पासून चालू असलेली सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीची योजना हा त्याचा सुरक्षित भाग. तिची मुदत १५ वर्षे असून वर्षाला दीड लाखापर्यंत रक्कम भरता येते. दुसरा भाग शेअर बाजाराशी जोडलेला, आणि त्यासाठी सामान्य माणसाने कमी खर्चाचा निर्देशांक फंड (सेन्सेक्ससारख्या निर्देशांकातील शेअर त्याच प्रमाणात घेणारा म्युच्युअल फंड) दरमहा घ्यावा, असे मला वाटते. बाजार पडतो, हे गृहीत धरूनच तिथे जावे. जानेवारी ते मार्च २०२० या काळात सेन्सेक्स सुमारे ३८ टक्के कोसळला होता. जे पैसे येत्या ५-७ वर्षांत लागणार आहेत, ते बाजारात घालू नयेत.

दरमहा ५ हजार रुपये २० वर्षे गुंतवले आणि सरासरी १० टक्के परतावा मिळाला असे मानले, तर सुमारे ३८ लाख होतात. जाहिराती येथे थांबतात. आपण आपले माप लावू : ६ टक्के महागाईने ४५ हजारांचा खर्च तोवर १ लाख ४४ हजार झालेला असेल, म्हणजे हे ३८ लाख जेमतेम २६ महिने पुरतील. हाच हप्ता दरवर्षी १० टक्क्यांनी वाढवत नेला, तर रक्कम ८० लाखांच्या घरात जाते आणि सुमारे ५५ महिने मिळतात. हप्ता सुरू करण्याइतकेच तो वाढवत राहणे महत्त्वाचे आहे, ते यासाठी. दरमहा ठरावीक तीन-चार टक्के देण्याची हमी कोणी देत असेल, तर त्याच्याकडे एक रुपयाही देऊ नये, मग तो नात्यातला असला तरीही.

सातवी पायरी : घरात बोलणे

ही पायरी सर्वांत अवघड आहे. कित्येक घरांत पतीचा पगार पत्नीला ठाऊक नसतो आणि आईवडिलांच्या ठेवींविषयी विचारले, तर "डोळा आहे" असे समजले जाईल या भीतीने मुले गप्प राहतात. महिन्यातून एक संध्याकाळ ठरवून वही सर्वांसमोर उघडावी. पत्नीचे स्वतःचे, तिने स्वतः वापरायचे खाते असावे. प्रत्येक ठेवीवर नामनिर्देशन आहे का, हे तपासावे. मात्र बँक ठेवीत नामनिर्देशित व्यक्तीला रक्कम स्वीकारण्याचा अधिकार मिळतो, वारसा त्याने ठरत नाही, म्हणून मृत्युपत्रही करावे. लग्नकार्याचा खर्च ठरवताना तो रुपयांत न सांगता महिन्यांत सांगावा. "९ लाखांचे लग्न" आणि "आपल्या घराचे २० महिने" या दोन वाक्यांवर होणारी चर्चा एकसारखी नसते.

किती महिने म्हणजे स्वातंत्र्य?

१९९४ साली विल्यम बेन्गन या अमेरिकन सल्लागाराने तिथल्या बाजाराच्या इतिहासावरून असे मांडले की निवृत्तीच्या पहिल्या वर्षी पुंजीच्या ४ टक्के रक्कम काढली आणि पुढे महागाईप्रमाणे ती वाढवली, तरी पुंजी ३० वर्षे पुरते. त्यावरून वार्षिक खर्चाच्या २५ पट, म्हणजे ३०० महिने, हा आकडा रूढ झाला. आपल्याकडील महागाई आणि मुलांवरील जबाबदाऱ्या पाहता तो जसाच्या तसा घेऊ नये; ३६० ते ४०० महिन्यांचे लक्ष्य मला अधिक सुरक्षित वाटते.

तेवढा आकडा पाहून धीर सोडण्याचे कारण नाही, कारण स्वातंत्र्य टप्प्याटप्प्याने मिळते. ६ महिने असतील, तर अपमान करणाऱ्या वरिष्ठासमोर नोकरी सोडण्याचा विचार करता येतो. २४ महिने असतील, तर नवा अभ्यासक्रम किंवा छोटा व्यवसाय आजमावता येतो. १२० महिने असतील, तर निम्म्या पगाराचे पण आवडीचे काम स्वीकारता येते.

आपल्याकडचे व्यापारी दिवाळीत वहीपूजन करून पाडव्याला नवे खाते उघडतात. त्या दिवशी वहीच्या पहिल्या पानावर तारीख, खरा मासिक खर्च, हाताशी असलेली रक्कम आणि भागाकार करून आलेले महिने, अशी एकच ओळ लिहावी. पुढच्या पाडव्याला तिच्याखाली दुसरी ओळ लिहायची आहे, म्हणून पानाची बाकीची जागा रिकामी सोडावी.