मुलाचा गट ठरवण्याआधी जन्माचा दाखला बाहेर काढा

बेळगावच्या टिळकवाडीत मी मुलांना जिम्नॅस्टिक्स शिकवतो. हंगाम आला की पालक विचारतात, ‘सर, ह्याला स्पर्धेत कुठल्या वयोगटात घालायचं?’ मी आधी जन्माचा दाखला मागतो.

आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी होतं. आई गडहिंग्लजची असली की दाखला तिथल्या नगरपालिकेचा, मराठीत. शाळा खानापुरात, नोंद कन्नडमध्ये. नावाची अक्षरं बदलतात, कधी तारीखही. माझ्याकडं शिकणाऱ्या एका मुलाला शाळेत १ जून लावली होती, दाखल्यावर डिसेंबर. स्पर्धेच्या टेबलावर ते उघडं पडलं आणि पोरगं ड्रेस घालून दिवसभर बाकावर बसून राहिलं. कागद आधी न बघण्याची चूक माझी होती. म्हणून दाखला, शाळेची नोंद आणि आधार शेजारी-शेजारी ठेवून बघा. फरक दिसला तर दाखल्याप्रमाणे दुरुस्ती शाळा सुरू होताच करून घ्या.

मग स्पर्धेच्या परिपत्रकातली कट-ऑफ तारीख, म्हणजे वय ज्या दिवशी मोजतात ती तारीख, वाचा. शालेय स्पर्धांत १४, १७, १९ वर्षांखालील गट असतात. जिम्नॅस्टिक्सची आंतरराष्ट्रीय संघटना जन्मवर्ष धरते: त्या वर्षात १८ पूर्ण होणारा मुलगा सीनियर. जन्मवर्षच धरलं तर २ जानेवारी २०१४ आणि २८ डिसेंबर २०१४ चे दोघं एकाच गटात, मध्ये ३६० दिवस!

डिसेंबरच्या मुलावर हा अन्यायच आहे. तरी ‘वय एक वर्ष कमी लावूया’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. त्यानं दुसऱ्या कुणाच्या तरी मुलाची जागा जाते. शंका आली की डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतात. लवकर वाढणारा खरा मुलगाही त्यात मोठा दिसू शकतो, म्हणून मूळ दाखला जपा.

शरीर तारखेप्रमाणं वाढत नाही. मुलांची उंची चौदाच्या आसपास झपाट्यानं वाढते, ताकद मागून येते. तेराव्या वर्षी मिसरूड फुटलेला रिंग्जवर (टांगलेल्या कड्यांवर) स्थिर राहतो, बारका थरथरतो. पण फ्लोअरवर, म्हणजे जमिनीवरच्या कसरतींत, तोच बारका चटकन फिरतो. दर महिन्याला दाराच्या चौकटीवर उंचीची खूण करा. खुणा लांब पडू लागल्या की हाय बारवरचा (उंच आडव्या दांडीवरचा) जमलेला झोकाही बिघडतो, रागावू नका. पॉमेल हॉर्सचा, म्हणजे हातांवर भार घेऊन फिरायच्या कड्यांच्या घोड्याचा, वेळ कमी करा. मनगट दुखलं तर डॉक्टरकडं न्या, तिथं हाडाची वाढ चालू असते.

गटातल्या पहिल्या वर्षी सोपं रूटीन (कसरतींचा ठरलेला क्रम) द्या. अवघडपणाचे गुण वेगळे, सफाईचे दहापासून कापत जातात. डिसेंबरच्या मुलाला मी एवढंच सांगतो: गुडघे जुळलेले, बोटं ताणलेली, उतरताना पाऊल हलायचं नाही.