मीटिंगच्या नोंदी घेणारा एआय सहायक निवडताना

जाहिरातीतला डेमो पाहून ठरवू नका. तिथे एक जण स्वच्छ आवाजात, एकाच भाषेत बोलत असतो. तुमच्या मीटिंगमध्ये तिघे एकदम बोलतात, अर्धं वाक्य एका भाषेत आणि अर्धं दुसऱ्या भाषेत. म्हणून आपलीच एखादी गोंधळाची मीटिंग, अर्थात सगळ्यांना विचारून, त्या सहायकाला ऐकवा आणि त्याने लिहिलेला सारांश तपासा. नावं, आकडे, तारखा आणि ‘कोणी काय करायचं’ एवढंच बघा. भाषा गुळगुळीत असते, त्यामुळे चूक चटकन दिसत नाही. ‘बघू’ म्हटलेलं ‘ठरलं’ म्हणून लिहिलं गेलं, तर पुढचा घोळ तुमच्या गळ्यात.

दुसरं, तो ऐकतो कसा? ऑटर, फायरफ्लाइजसारखी साधनं सहसा बॉट म्हणून, म्हणजे एक जादा सहभागी बनून, मीटिंगमध्ये हजर होतात, सगळ्यांना दिसतात. ग्रॅनोला तुमच्या कॉम्प्युटरचाच आवाज टिपतं, त्यामुळे समोरच्याला पत्ताही लागत नाही. सोयीचं खरं, पण अशा वेळी सांगायची जबाबदारी तुमची. काही ठिकाणी सर्वांच्या संमतीशिवाय रेकॉर्डिंग करणं बेकायदा आहे.

झूम, टीम्स किंवा मीटच्या तुमच्या प्लॅनमध्ये नोंदी घेण्याची सोय आधीच असेल, तर आधी तीच वापरून बघा.

पैसे भरण्यापूर्वी सेटिंग्ज उघडा: रेकॉर्डिंग किती दिवस राहतं, एआय मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी वापरलं जातं का, आणि सारांश आपोआप सगळ्यांना ईमेल होतो का. हा शेवटचा पर्याय मी तरी बंदच ठेवतो.