पुरुषी काम, बायकी काम: मुलांशी याविषयी बोलायचे कसे?

तेरा-चौदा वर्षांच्या मुलांसमोर हा विषय काढताना मतांपासून सुरुवात करू नये. 'स्त्री-पुरुष समान आहेत ना?' असे विचारले, की मुले पाठ केलेले 'हो' म्हणतात आणि बोलणे तिथेच संपते. सुरुवात कामापासून करावी.

मुंबईत त्यासाठी मुलांना पहाटे भाऊच्या धक्क्यावर न्यावे. समुद्रावरून आलेले तांडेल आणि खलाशी बहुतेक पुरुष असतात. पण लिलावात माल उचलणारी, पाटीतल्या सुरमईवर पाणी शिंपडत भाव सांगणारी आणि मिळालेल्या नोटा कमरेच्या बटव्यात खोचणारी कोळीण असते. तिथेच मुलांना तीन प्रश्न द्यावेत: हे काम कोण करते, पैसा कोणाच्या हाती येतो आणि घरात शेवटचा शब्द कोणाचा असतो? तिसऱ्या प्रश्नावर सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण घाईने काढलेला निष्कर्ष तिथेच अडतो.

मग हेच प्रश्न दूरच्या समाजांना लावावेत. पेरूमधल्या टिटिकाका सरोवरातील टाकिले बेटावर लोकरीच्या टोप्या पुरुष विणतात आणि मुलगे ते लहानपणीच शिकतात. सहारातल्या तुआरेग समाजात परंपरेने तोंड झाकून घेतो तो पुरुष. बाईचा चेहरा उघडा असतो. मेघालयातल्या खासी समाजात वडिलोपार्जित घर धाकट्या मुलीकडे जाते, हे ऐकून मुले लगेच 'म्हणजे तिथे बायकांचे राज्य!' म्हणतात, तेव्हा सांगावे, की घरच्या कारभारात मामाच्या शब्दाला वजन असते आणि गावच्या पारंपरिक दरबारात पुरुषच बसत आले आहेत. माझ्या मते शिकवायला याहून चांगले उदाहरण नाही.

ही उदाहरणे नवलाईच्या सुरात सांगू नयेत. प्रत्येक उदाहरणानंतर बोलणे आपल्या घराकडे वळवावे. लालबागच्या एका चाळीत अशाच बैठकीत एक मुलगा हळूच म्हणाला, "माझे बाबा रोज चपात्या लाटतात, पण दार लावून घेतात." दोघे हसले. अशा वेळी हसणाऱ्यांना दटावू नये आणि उत्तरही आपण देऊ नये. 'दार का लावावेसे वाटत असेल?' एवढेच सर्वांना विचारून गप्प बसावे. मोकळेपणाने बोलता यावे म्हणून या बैठकीला पालकांना बसवू नये. निघताना मुलांना वही द्यावी आणि आपल्या घरात रात्रीची भांडी कोण घासते, याची सात दिवस नोंद ठेवायला सांगावे.