रताळी लावताय? आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघा

मिरगाचा पाऊस लागला की कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड, आजऱ्याच्या माळांवर सऱ्या सुटायला लागतील. चढाच्या तांबड्या जमिनीत, जिथं ऊस उभा राहत नाही, तिथं रताळ्यासारखं बिनतक्रार पीक नाही. खत बेताचं, फवारणी जवळजवळ नाहीच, वेल घरचा किंवा शेजारचा. स्वस्तात येतं म्हणूनच बहुधा कुणी त्याचा हिशेब मांडत नाही. निघतील तेवढी निघतील म्हणायचं, आणि पट्टी, म्हणजे अडत्याकडची विक्रीची पावती, हातात पडली की गप्प बसायचं, अशी आपल्याकडची रीत.

रताळं उपवासाला खपतं. त्यामुळं लागण कधी करायची हे पावसाइतकंच तिथीवर ठरतं, आणि तिथी दरवर्षी जागा बदलते. २०२५ साली घटस्थापना २२ सप्टेंबरला होती. ११० दिवसांचं पीक त्याआधी आठवडाभर बाजारात न्यायचं तर मेअखेर लागण हवी होती, म्हणजे पावसावरच्या शेतकऱ्याला ते धरून चालण्यासारखं नव्हतं. २०२६ ला अधिक ज्येष्ठ आल्यानं घटस्थापना ११ ऑक्टोबरवर गेली आहे. १७ जूनच्या आसपास लावलेलं रताळं ५ ऑक्टोबरपर्यंत काढता येईल. अधिक महिन्यानं दिलेले हे १९ दिवस फुकटचे आहेत, वापरा. मात्र घाटाकडच्या गावांनी हा नाद करू नये. तिथल्या जुलैच्या पावसात वरंबे वाहून जातात, पाणी साचतं आणि वेल माजून खाली नुसती मुळं राहतात. तालुक्याच्या पूर्वेकडं पाऊस उतरता असतो, तिथं निचऱ्याच्या चढावर हे साधेल.

महाशिवरात्र २०२७ मध्ये ६ मार्चला आहे. थंडीत वाढ मंदावते, म्हणून ११० ऐवजी १३० दिवस धरा. ऑक्टोबरच्या मध्याला, हळवं (लवकर येणारं) भात निघालेल्या रानात, विहिरीचं पाणी असेल तरच लावा.

राहिली जुलै-ऑगस्टची मोठी लागण. ती नोव्हेंबर-डिसेंबरात निघते. तेव्हा नवरात्र उलटून गेलेलं असतं, शिवरात्र लांब असते आणि सगळ्यांच्या गाड्या एकदम बेळगावच्या बाजारात लागतात. तिथला माल परराज्यात जातो म्हणून तो बाजार टिकून आहे. तरी सगळं रान एकाच आठवड्यात लावू नका. दोन-तीन टप्प्यांत पंधरा दिवसांच्या अंतरानं लावलं तर एक टप्पा पडला तरी दुसरा सावरतो.

आता हिशेब. खालचे आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमचे तुम्ही घाला. एकरी मशागत, शेणखत, खत, वेल, लागण, भांगलण आणि काढणी मिळून ३९,००० रुपये धरा. यात घरच्या माणसांची मजुरीही घालायची. बायका-पोरांचे दिवस फुकट धरले की प्रत्येक पीक नफ्यातच दिसतं. पोती, हमाली, गाडीभाडं क्विंटलला २०० रुपये. ६० क्विंटल विकाऊ माल निघाला तर आपला पडता भाव, म्हणजे खर्च जेमतेम भरून निघेल तो भाव, ८५० रुपये. बाजारात १,२०० मिळाले तर २१,००० राहतात. पण त्यातला १२ क्विंटल माल किडका किंवा बारीक निघाला आणि ४८च विकला, तर राहतात ९,०००. माल पाचवा हिस्सा गेला आणि नफा निम्म्याहून खाली आला.

आता 'शिवरात्रीला भाव येईल' म्हणून तयार रताळी जमिनीतच ठेवणाऱ्यांचं बघू. समजा भाव खरंच १,५०० झाला, पण विकाऊ माल ४२ क्विंटलच उरला. हातात येतात १५,६००. भाव तीनशेनं चढून ५,४०० कमी! राखणीचा खर्च तर अजून धरलेलाच नाही.

माल घटतो कसा? पाऊस थांबला की तांबडी माती तडकते आणि त्या भेगांतून सोंड्या भुंगा कंदापर्यंत पोचतो. त्याची अळी शिरलेलं रताळं कडू होतं, अर्धं कापूनही खाता येत नाही. यावर उपाय साधा आहे: लागणीनंतर महिना-दीड महिन्यानं मातीची भर द्या, भेगा दिसल्या की बुजवा, कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर भुंगे पकडणारे) लावा, आणि गेल्या वर्षीच्याच रानात पुन्हा रताळी नकोत. नत्राचा हात आखडता ठेवा. युरिया टाकला की वेल बघून शेजारी खूश होतो, खाली कंद नसतो. पालाश (पोटॅश) मात्र चुकवू नका. पेऱ्यापेऱ्याला मुळं धरणारे वेल मधून-मधून उचलून ठेवा.

दुसरा वाटेकरी रानडुक्कर. एका रात्रीत गुंठाभर उकरतो. गवा वेल तुडवतो. नुकसान झालं तर उकरलेलं रान सारखं करायच्या आधी फोटो काढा आणि तीन दिवसांच्या आत वनविभागाकडं अर्ज द्या.

काढणीच्या चार-पाच दिवस आधी वेल कापा. तो दुभत्या जनावरांना घाला, त्याची किंमतही हिशेबात जमेला धरा. काढलेला माल सावलीत चार दिवस पसरला की साल घट्ट होते, ओरखडे सुकतात. ठेवायचा माल धुवू नका. मोठी, मध्यम आणि बारीक वेगळी भरा. एका पोत्यात तिन्ही घातली की सौदा सगळ्यात खालच्या मालावर ठरतो, हे मी स्वतः भोगलंय.

बाजार कुठला? चंदगडकरांना हद्दीवरची शिनोळी ओलांडली की बेळगाव, कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या पुढं. जवळचं नेहमी स्वस्त पडेल असं नाही, आणि लांबचा जादा भावही बऱ्याचदा भाड्यात जिरतो. आदल्या संध्याकाळी दोन्हीकडं फोन लावा आणि भाव विचारताना वजावट काय-काय होते तेही विचारा. महाराष्ट्रात २०१६ पासून फळं-भाजीपाल्याची अडत (अडत्याचं कमिशन) खरेदीदाराकडून घ्यायची आहे, तेव्हा कोल्हापूरच्या पट्टीवर ती आपल्या नावावर कापलेली दिसली तर तिथंच विचारा. बेळगाव कर्नाटकात, तिकडचा नियम तिथंच विचारून घ्या.

आणि सगळे वेल जनावरांना घालून मोकळे होऊ नका. बिनकिडीच्या रानातले चार-पाच गुंठ्यांना पुरतील एवढे शेंडे पाण्याजवळ लावून ठेवा. मे महिन्यात वेलासाठी दारोदार फिरताना जो भाव सांगतात, तो रताळ्यालाही मिळत नाही.