संगणकशास्त्राचा शिक्षक पारखताना या चुका टाळा

कनिष्ठ महाविद्यालयाची मुलाखत असो की सेवेतल्या शिक्षकांचं प्रशिक्षण, पहिली चूक ठरलेली: प्रोग्राम लिहायला द्यायचा आणि चालला की गुण द्यायचे. त्यातून शिक्षकाला प्रोग्रामिंग येतं एवढंच कळतं. विषय येणं वेगळं आणि तो शिकवण्याची जाण वेगळी, हे अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्येच मांडलं होतं.

त्याऐवजी मुलाचं चुकलेलं उत्तर समोर ठेवा:

अ = ५
ब = अ
अ = ८
ब छापा

मुलाने ८ लिहिलंय. त्याने काय विचार केला असेल? तो अंदाज खरा की खोटा हे पाहायला कोणता प्रश्न द्याल? मग वर्गात काय कराल?

‘उत्तर ५ येतं, पुन्हा समजावून सांगेन’ याला शून्य गुण. बीजगणितातून आलेला मुलगा अ आणि ब कायमचे जोडले गेले असं धरतोय, हे ओळखलं तर एक. खरा कस दुसऱ्या प्रश्नात लागतो. जाणकार शिक्षक विचारेल: अ = ५, ब = अ, ब = ३; आता अ किती? मुलगा ३ म्हणाला तर त्याच्या मनात समीकरण आहे. ५ म्हणाला तर बहुधा तो ‘ब = अ’ कडे एक्सेलच्या सूत्रासारखं पाहतोय: अ बदलला की ब बदलतो, उलट नाही. दोघांना एकच उपाय लागू पडत नाही. इतका फरक करणाऱ्याला पूर्ण दोन गुण द्या.

डेमो लेक्चरमध्ये समोर सगळे जाणकार बसतात, त्यामुळे कोणी चुकतच नाही. पॅनेलमधल्या एकाने ठरवून असं चुकीचं उत्तर द्यावं. फळ्यावरची ओळ शिक्षक कशी वाचतात तेही ऐका. ‘ए इज इक्वल टू बी’ म्हटलं की गैरसमज पक्का होतो. ‘बी ची किंमत ए मध्ये ठेवली’ म्हटलं की सुटायला मदत होते.

गुण एकट्याने देऊ नका. आधी दहा उत्तरपत्रिका दोघांनी स्वतंत्रपणे तपासा आणि जिथे गुण जुळत नाहीत तिथे निकषाचे शब्द सुधारा. नुसती जुळणीची टक्केवारी फसवते: बहुतेकांना सारखेच गुण पडत असतील तर योगायोगानेही ती मोठी येते. म्हणून कोहेनचा कॅपा (Cohen's kappa) काढा; योगायोगाची जुळणी वगळून खरी जुळणी किती, हे तो आकडा सांगतो.

आणि मुंबईत तरी उत्तर मराठीत किंवा हिंदीत द्यायची मुभा ठेवा, नाहीतर शिकवण्याची जाण बाजूला राहून इंग्रजीच तपासली जाते.