आकडा कशाने भागायचा?

मेंदूतल्या एन्झाइमवर काम करायला नवीन कुणी आलं की मी आधी एवढंच विचारते: एन्झाइमच्या क्रियाशीलतेचा आलेला आकडा कशाने भागणार, म्हणजे तो कशामागे मांडणार? ऊतीच्या ओल्या वजनाने, प्रोटीनने की डीएनएने? माझं जवळपास एक वर्ष याच प्रश्नापायी गेलं.

मी अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज, म्हणजे अ‍ॅसिटिलकोलिन हा चेतासंदेशवाहक फोडणारं एन्झाइम, मोजत होते. एलमन आणि सहकाऱ्यांची 1961 सालची पद्धत. एन्झाइमने सब्सट्रेट (त्याला फोडायला दिलेला पदार्थ) फोडला की सुटलेलं थायोकोलिन डीटीएनबी या रंग देणाऱ्या रसायनाला भेटतं आणि क्युव्हेटमध्ये, म्हणजे मोजणीच्या छोट्या पारदर्शक नळीत, पिवळा रंग चढू लागतो. तो 412 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात मोजायचा. तो रंग मिनिटामिनिटाला गडद होताना पाहणं मला आजही तितकंच आवडतं.

आधी रॅटची पिल्लं घेतली. वयाबरोबर क्रियाशीलता वाढत गेली आणि मी खूश झाले. पण जन्मताना त्या मेंदूत सुमारे 88 टक्के पाणी असतं, प्रौढपणी 78-79. म्हणजे पाणी आटल्यामुळेही ग्रॅममागचा आकडा वर जातो. वाढ खरी होतीच, मात्र मी दाखवली तेवढी नव्हती.

इजा झालेल्या मेंदूत हेच उलटं होतं. सूज येते, पाणी शिरतं आणि ग्रॅममागे एन्झाइम ‘घटलं’ असं दिसतं. मग प्रोटीनने भागावं? तिथे रक्तस्राव आडवा येतो. सांडलेल्या रक्तातलं प्रोटीन भाजक फुगवतं आणि तांबड्या पेशींच्या आवरणावर हेच एन्झाइम असल्याने भाज्यही फुगतो. डीएनए घ्यावं, तर जखमेभोवती मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या संरक्षक पेशी, जमलेल्या असतात आणि त्यांचं डीएनएही भाजकात येतं. बिनचूक भाजक नाहीच. म्हणून मी रक्तवाहिन्यांतून सलाइन वाहवून त्या धुऊन घेते, शॅम गट (शस्त्रक्रिया तीच, पण इजा न केलेले प्राणी) ठेवते, ऊतीचा एक तुकडा वाळवून पाणी मोजते आणि दोन भाजकांनी काढलेले आकडे शेजारी शेजारी मांडते.

याच विषयातलं माझं लाडकं एन्झाइम ऑर्निथिन डीकार्बॉक्सिलेज, पेशींच्या वाढीला लागणारी पॉलिअमाइन नावाची संयुगं बनवण्यातलं. वाढत्या मेंदूत ते भरपूर, प्रौढपणी अगदी कमी, आणि इजेनंतर काही तासांत पुन्हा उसळतं. वाढीच्या काळातलं यंत्र मेंदू जखमेनंतर परत सुरू करतो, हे पहिल्यांदा रीडिंगमध्ये दिसलं तेव्हा मी बराच वेळ वहीसमोर बसून होते. पण त्याचं अर्धायुष्य काही मिनिटांचंच, त्यामुळे ऊत काढल्याबरोबर गोठवा.

आणि पाण्यासाठी ठेवलेला तुकडा झाकणाच्या कुपीतच तोला. उघडा ठेवलात तर शेवटचा अंक तुमच्या डोळ्यांदेखत खाली सरकत जातो.